खिडकी उघडा, थैली खाली ठेवा, पट्टा बांधा... विमानातले हे नियम कायले असतात? (बाबांचा पहिला विमानप्रवास)

संत्राबाग_वरुड

राम राम मंडळी. मागच्या आठवड्यात बाबांना घेऊन नागपूरहून बंगलोरला गेलो होतो, बहीण तिथं बाळंत झाली म्हणून. बाबांचं वय 71, विमानात पहिल्यांदाच बसले, आतापर्यंत लांबचा प्रवास म्हणजे पंढरपूरची वारी न् एकदा रेल्वेनं काशी. आईनं बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू केले होते, खारीक अन् खोबऱ्याच्या वाट्या वेगळ्या बांधून दिल्या होत्या.

पहिला घोळ नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरच झाला. सामान देऊन आत गेलो तर थोड्या वेळानं नावानिशी बोलावलं, मोठी बॅग उघडायला लावली, माझी पॉवर बँक काढली ती माझ्या हातात दिली अन् खोबऱ्याच्या वाट्या काढल्या त्या ठेवूनच घेतल्या. बाबा म्हणे अरे खोबरं हाय, बॉम्ब नाही. तिथल्या माणसानं फक्त "अलाऊड नहीं है" एवढंच सांगितलं, कायले ते नाही सांगितलं.

दुसरा घोळ आत. लाडवाची थैली बाबांनी मांडीवर घेतली होती. विमानातली सेवा करणारी पोरगी आली, इंग्रजीत काहीतरी म्हणाली, मग हिंदीत म्हणाली की समोरच्या सीटच्या खाली ठेवा, पायाशी. आता बाळंतिणीचं अन्न पायाशी कसं ठेवतील ते? नाही म्हणाले. तिनं दोनदा सांगितलं अन् मग थैली उचलून स्वतःच पायाशी सरकवून दिली. बाबा काही बोलले नाहीत पण चेहरा पडला त्यांचा, मले दिसलं. उतरायच्या वेळी ऊन डोळ्यावर येत होतं म्हणून त्यांनी खिडकीचा पडदा खाली ओढला, तर पुन्हा दुसरी एक आली अन् त्यांच्या अंगावरून हात नेऊन पडदा वर केला. घरी पोचल्यावर बहिणीला सांगत होते की "आपल्याले अडाणी समजते ते लोक."

मले कंपनीचं नाव घ्यायचं नाही अन् भांडणही करायचं नाही. पण बाबांना सांगायला माझ्याजवळ उत्तर नव्हतं ह्याचं वाईट वाटते. पडदा उघडा असला का बंद, विमानाला काय फरक पडते? कोणाला खरं माहीत असेल तर सांगा. परतीचं तिकीट 24 तारखेचं आहे, त्याच्या आधी बाबांना समजावून सांगायचं आहे.

पांढरं_सोनं

भाऊ मनावर घेऊ नका. माझ्या मते अर्धे नियम नुसते दाखवायला असतात. 12 जून 2025 ले अहमदाबादला काय झालं पाह्यलं ना आपण सगळ्यांनी, विमानातल्या 242 पैकी एकच माणूस वाचला. तिथं काय पडदा अन् काय पट्टा. वरून पडलं म्हणजे संपलं, मग म्हाताऱ्या माणसाला कायले त्रास द्यायचा.

गावची_पोर_आर्वी

दादा, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. मी सहा वर्षं केबिन क्रू होते, आता आर्वीला घरी असते. आधी एक सांगते, थैली हातातून घेणं अन् अंगावरून हात नेणं हे चुकलंच. वयस्कर माणूस पहिल्यांदा आला आहे हे चढतानाच कळते आम्हाला, दोन मिनिटं गुडघ्यावर बसून सांगितलं असतं तर बाबांनी ऐकलं असतं. पण जे करायला सांगितलं ते बरोबर होतं, आणि त्याचं कारण बाबांना नक्की पटेल असं आहे.

विमान उडतानाची पहिली दोन-तीन मिनिटं अन् उतरतानाची शेवटची सात-आठ मिनिटं, गडबड व्हायची तर बहुतेक ह्याच वेळात होते. जमीन जवळ असते, वेग भरपूर असतो, टाक्यांमध्ये इंधन असते. म्हणून त्या तेवढ्या वेळात आम्ही असं धरून चालतो की आत्ता पुढच्या मिनिटाला सगळ्यांना बाहेर काढायची वेळ येऊ शकते. तुम्ही सांगितलेले सगळे नियम ह्या एकाच विचारातून आलेत, दाराकडे जायची वाट मोकळी राहिली पाहिजे अन् माणूस तयार राहिला पाहिजे.

पडदा वर कायले? दार उघडायच्या आधी क्रूला बाहेर बघावं लागते. डाव्या पंखाखाली आग लागली असली अन् आपण डावीकडचं दार उघडलं तर आग-धूर आपणच आत घेतला. दारावर लहानशी काच असते पण त्यातून सगळा पंख दिसत नाही, तो प्रवाशांच्या खिडक्यांतूनच दिसतो. पुष्कळ वेळा ठिणगी आधी प्रवाशालाच दिसते अन् तो ओरडून सांगतो. बाहेरून आलेल्या फायर ब्रिगेडलाही आत माणसं कुठं आहेत, धूर किती आहे ते त्याच खिडक्यांतून कळते. दुसरं कारण डोळ्यांचं. तुमच्या बाबांना विचारा, भर उन्हातून कोठ्यात शिरलं की थोडा वेळ काहीच दिसत नाही ना? तसंच उलटं पण होते. डोळ्यांना बाहेरच्या उजेडाची किंवा अंधाराची आधीच सवय असली पाहिजे. रात्रीच्या विमानात उतरताना आतले दिवे मंद करतात ते ह्याच्यासाठीच, झोपायसाठी नाही.

सीट सरळ करायला लावतो ती तुमच्यासाठी कमी अन् तुमच्या मागच्यासाठी जास्त. तुमची सीट मागे झुकलेली असली की मागच्या ओळीत खिडकीजवळ बसलेल्याला उठून निघता येत नाही. समोरचं टेबल उघडं असलं तरी तेच, अख्खी ओळ अडकते.

अन् थैली. मांडीवरची थैली जोराचा ब्रेक लागला की हातात राहत नाही, तीन-चार किलोचा डबा पुढच्याच्या डोक्यात जाऊ शकते. नाही गेला तर खाली वाटेत पडते अन् धुरात त्याच्यावरून माणूस अडखळते, एक पडला की मागचे सगळे त्याच्यावर. पण अन्न पायाशी ठेवायचं नाही हे आपल्याकडचं मला माहीत आहे, माझी आजी पण नसती ठेवली. पायाशीच ठेवा असा नियम नाही दादा! वरच्या कप्प्यात ठेवली तरी चालते, उलट संकटकालीन दाराजवळच्या ओळीत तर वरच ठेवावी लागते. त्या मुलीनं विचारलं असतं की बाबा वर ठेवू का, देवघरासारखी उंच जागा आहे, तर प्रश्नच नव्हता.

संत्राबाग_वरुड

ताई, खूप खूप धन्यवाद. वर ठेवता येते हे मलेच माहीत नव्हतं. बाबांना आत्ता वाचून दाखवलं, कोठ्याचं उदाहरण ऐकून म्हणाले "हे खरं हाय."

मास्तर_दर्यापूर

पांढरं_सोनं भाऊंच्या मुद्द्यावर लिहितो कारण माझे विद्यार्थी पण हेच म्हणतात, गावात सगळेच म्हणतात. अहमदाबादचं दुःख मोठंच आहे, त्यावर वाद नाही. पण तसे अपघात डोळ्यासमोर राहतात अन् बाकीचे आपल्याला माहीतच होत नाहीत. अमेरिकेत तिथल्या सरकारी तपास संस्थेनं 1983 ते 2000 मधले त्यांच्या विमान कंपन्यांचे 568 अपघात काढून मोजले, त्यातल्या प्रवासी आणि क्रू मिळून 95 टक्क्यांपेक्षा जास्त माणसं वाचलेली निघाली. म्हणजे विमानाला अपघात झाला म्हणजे सगळं संपलं हे खरं नाही. खूप ठिकाणी माणसं आपटण्यातून वाचतात, आणि मग प्रश्न एवढाच उरतो की आगीच्या आणि धुराच्या आधी दारापर्यंत पोचतात का नाही.

दोन उदाहरणं देतो, मी वर्गात पण सांगतो.

22 ऑगस्ट 1985, इंग्लंडमधलं मँचेस्टर. विमान धावपट्टीवर धावत होतं, इंजिन फुटलं, आग लागली, पायलटनं विमान थांबवलं. त्यानं जमीन सोडलीच नव्हती! आत 137 जण होते. त्यातले 55 गेले, बहुतेक सगळे धुरानं, भाजून नाही. वाट अरुंद, पंखावरच्या दाराजवळ सीट अशी लावलेली की निघायला जागा नाही, धुरात काही दिसत नाही. त्या तपासानंतर दाराजवळच्या ओळीत जागा वाढवली, सीटची कापडं लवकर न पेटणारी आली, अन् खाली जमिनीलगत दिवे लावायची पद्धत पक्की झाली, कारण धूर वर साचतो आणि खाली थोडं दिसते.

दुसरं, 2 जानेवारी 2024, टोकियोचं हानेदा विमानतळ. जपान एअरलाइन्सचं मोठं विमान उतरताना धावपट्टीवर उभ्या असलेल्या तटरक्षक दलाच्या लहान विमानावर आदळलं. त्या लहान विमानातले 6 पैकी 5 जण गेले, ते आदल्या दिवशीच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन चालले होते बिचारे. पण मोठ्या विमानात 379 माणसं होती, लेकरं पण होती, विमान पूर्ण जळून राख झालं अन् 379 च्या 379 बाहेर आली. आठ दारांपैकी तीनच वापरता आली, बाकीकडे आग होती, आतला स्पीकर बंद पडला तर क्रूनं भोंगा घेऊन ओरडून सांगितलं. लोकांनी वरच्या बॅगा काढल्या नाहीत. ज्यांनी तो व्हिडिओ पाहिला असेल त्यांना आठवत असेल, घसरगुंडीवरून येणाऱ्यांच्या हातात सामान दिसत नाही.

तर भाऊ, पडदा अन् पट्टा दाखवायला नाही हो.

पांढरं_सोनं

सर, मँचेस्टरचं माहीत नव्हतं. उभ्या विमानात 55 माणसं जाते हे वाचून सुन्न झालो. माझा शब्द मागे घेतो.

वर्धेची_वाट

मी विमानात कधी बसली नाही, पण मास्तरांचं वाचून 1 जुलै 2023 ची रात्र आठवली. समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी ट्रॅव्हल्स उलटली अन् पेटली. 25 जण गेले. आमच्या वर्ध्याची माणसं होती त्यात, नागपूरची, यवतमाळची. बस ज्या बाजूनं पडली त्याच बाजूला दार होतं म्हणजे दार जमिनीखाली, जे थोडे वाचले ते काच फोडून निघाले. तेव्हापासून माझ्या पोरीला होस्टेलवर सोडायला जायचं असलं की मी बसमध्ये चढल्याबरोबर मागची खिडकी बघते, हातोडी आहे का बघते. एसटीत लाल अक्षरात लिहिलेलं असते ना, संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग. लहानपणापासून वाचत आलो पण तो उघडते कसा हे कोणीच कधी सांगितलं नाही. विमानात निदान दरवेळी उभं राहून हात करून दाखवतात. ट्रॅव्हल्सवाल्यांनी पण दाखवलं पाहिजे, दोन मिनिटं लागतात फक्त, माझी फार इच्छा आहे कोणीतरी हे सुरू करावं.

गावची_पोर_आर्वी

ताई, अगदी मनातलं लिहिलंत. आमच्या ट्रेनिंगमध्ये 90 सेकंदांचं गणित डोक्यात बसवतात. नवीन प्रकारचं विमान प्रवाशांसाठी पास करायच्या आधी कंपनीला करून दाखवावं लागते की भरलेलं विमान 90 सेकंदांत रिकामं होते, ते पण अंधारात, अर्धीच दारं वापरून, वाटेत उशा-ब्लँकेट-बॅगा टाकून. एअरबस ए380 ची परीक्षा 2006 मध्ये जर्मनीत हॅम्बर्गला झाली, 873 माणसं 78 सेकंदांत बाहेर. पण त्या परीक्षेत कोणी वरची बॅग काढायला थांबत नाही! खऱ्या वेळी लोक थांबतात. 3 ऑगस्ट 2016 ला तिरुवनंतपुरमहून गेलेलं विमान दुबईत धावपट्टीवर घसरलं अन् पेटलं, 300 च्या 300 माणसं वाचली, पण आतल्या व्हिडिओत आपले लोक वरचे कप्पे उघडून बॅगा काढताना दिसतात, लॅपटॉप घे म्हणताना ऐकू येतात. विमानाबाहेर आग विझवणारा एक जवान त्यात गेला. प्रत्येकानं दोन सेकंद घेतले तर शंभराव्या माणसापर्यंत किती होतात करा हिशेब.

बॅग धरून घसरगुंडीवर उडी मारली की हात मोकळा नसतो, दुसऱ्याला लागते, अन् चाक-कडी घासून घसरगुंडी फाटली तर ते दार बंदच झालं समजा. उंच टाचेच्या चपला काढायला सांगतात ते पण त्याच्यासाठीच.

स्क्रू_ड्रायव्हर_हिंगणा

मी नागपूरच्या मिहानला विमान दुरुस्तीच्या कामावर आहे, ऑक्सिजनवर लिहितो कारण त्याच्यावर लोक सगळ्यात कमी लक्ष देतात.

विमान 35,000 फुटांवर असते तेव्हा बाहेर उणे 50 च्या आसपास थंडी असते अन् हवा इतकी विरळ की छातीत घेतली तरी पुरत नाही. आत आपण बरे राहतो कारण विमानात हवा दाबून भरलेली असते, जास्तीत जास्त 8,000 फुटांवर असल्यासारखी. म्हणजे चिखलदऱ्याच्या दुपटीहून थोडं जास्त. कान बंद होते ते त्याच्यामुळे. आता काही बिघडून ती हवा निघून गेली तर 35,000 फुटांवर माणूस शुद्धीत राहून स्वतःच्या हातानं काम करू शकते असा वेळ किती? अर्धा ते एक मिनिट. अन् त्याच्यातलं वाईट असं की गुदमरल्यासारखं वाटत नाही, उलट बरं वाटते, हलकं वाटते, अन् मग हात चालत नाही. म्हणून आधी स्वतःला मास्क अन् मग लेकराला असं सांगतात. आईला हे ऐकून राग येते, माझी बायको पण म्हणे मी आधी पोराला लावीन. तिला सांगितलं की तू त्याचा मास्क लावता लावता पडली तर तुले कोण लावन, तो तीन वर्षांचा? पण तू आधी लावला तर तो दहा-वीस सेकंद बेशुद्ध जरी झाला तरी त्याला लावल्याबरोबर येते शुद्धीवर. तेव्हा पटलं.

14 ऑगस्ट 2005 ले ग्रीसमध्ये हेलिओस कंपनीच्या विमानात असंच झालं होतं, हवेच्या दाबाचं बटण चुकीच्या जागी राहिलं, पायलटांना वेळेवर कळलं नाही अन् ते बेशुद्ध झाले, विमान आपोआप उडत राहिलं अन् इंधन संपल्यावर डोंगरावर पडलं, 121 जण गेले.

अजून एक, मास्क वरून लटकला की तो ओढावा लागते. ओढल्याशिवाय सुरू होत नाही. मास्कच्या कप्प्यात बहुतेक विमानांत सिलिंडर नसते, एक रसायनाची डबी असते, दोरी ओढली की त्यात ऑक्सिजन तयार व्हायले लागते. बारा-पंधरा मिनिटं पुरते, तेवढ्यात पायलट विमान खाली आणते जिथं श्वास घेता येते. ती प्लास्टिकची पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असते, घाबरून काढून टाकू नका. थोडा जळका वास पण येऊ शकते, ती डबी तापते म्हणून, ती आग नसते.

कुरळपूर्णा_काठ

मी बेलोऱ्याच्या विमानानं मुंबईला गेलो होतो, अमरावतीहून 16 एप्रिल 2025 पासून सुरू झालं ना ते, पंख्याचं लहान विमान, मागच्या दारानं चढायचं. विमान अर्धं रिकामं होतं म्हणून मी पुढं जाऊन मोकळ्या सीटवर बसलो तर मले परत माझ्या जागेवर पाठवलं. रिकामी सीट असून कायले बसू देत नाही?

स्क्रू_ड्रायव्हर_हिंगणा

भाऊ तुमच्याकडं बंडी असन तर लगेच समजन. बंडीत कापूस मागं जास्त भरला की ती उलाळ होते, जू वर उचलते, अन् पुढं जास्त भरला तर सगळं वजन बैलाच्या मानेवर. विमानाचं तसंच असते. पुढं किती वजन, मागं किती, ह्याचा कागद उडायच्या आधी बनते, पायलट त्याच्यावरून शेपटीची सेटिंग करते. लहान विमानात दहा माणसं पुढून मागं गेली तरी तो हिशेब बिघडते. वर गेल्यावर विचारून बदलता येते बहुतेक वेळा, पण उडायच्या अन् उतरायच्या वेळी आपल्याच जागेवर.

संत्राबाग_वरुड

बंडीचं उदाहरण बाबांना वाचून दाखवल्यावर ते उठूनच बसले. आता तेच विचारून राह्यले की खोबऱ्याचं काय? त्यांच्या मनातून ते जात नाही, आईनं बाजारातून निवडून निवडून वाट्या आणल्या होत्या.

स्क्रू_ड्रायव्हर_हिंगणा

बाबांना सांगा, सरकीचा ढीग ओला राह्यला तर आतून कसा तापते, हात घातला तर चटका बसते, ते पाह्यलं असनच त्यांनी. ओल्या कडब्याच्या गंजीचं पण तेच. तेल असलेली वस्तू हवेत असली की हळूहळू आतून गरम होते. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, त्याचं नाव जगभरच्या घातक मालाच्या यादीत आहे, आपोआप तापून पेटू शकणाऱ्या वस्तूंमध्ये. दोन-चार वाट्यांनी काय होते असं वाटते, पण खालच्या डब्यात शंभर बॅगा एकावर एक दाबलेल्या, तिथं कोणी बसलेलं नसते अन् पेटल्यावर तिथपर्यंत पोचता येत नाही. तपासणाऱ्याला वाट्या मोजत बसता येत नाही म्हणून सरसकट बंद. लाडवात किसून घातलेलं खोबरं वेगळं, त्याला कोणी अडवलं नाही ना तुम्हाला.

पॉवर बँकचं बरोबर उलटं आहे, ती खालच्या सामानात चालत नाही, जवळच ठेवावी लागते. लिथियमची बॅटरी दबली, फुगली, आतून शॉर्ट झाली तर स्वतःच तापत जाते अन् थांबत नाही. जवळ असली तर धूर दिसते, क्रू पाणी ओतते. 28 जानेवारी 2025 ला दक्षिण कोरियात गिम्हे विमानतळावर उभ्या विमानाच्या वरच्या कप्प्यात आग लागली, पॉवर बँकमुळं लागली असा तपासात अंदाज निघाला, विमान जळालं पण सगळे 176 जण उतरले. मार्चपासून त्यांनी पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायलाच बंदी केली. 100 वॉट-अवरपर्यंत चालते साधारण. तुमच्या पॉवर बँकवर 20,000 एमएएच लिहिलेलं असन तर ती 74 च्या आसपास होते, 27,000 ची म्हणजे काठावर. लिहिलेलं पुसून गेलं असलं तर नेऊच नका.

पांढरं_सोनं

एक अजून विचारतो. नागपूर-बंगलोरमध्ये समुद्र लागत नाही तरी ते पिवळं जाकीट कायले दाखवतात? अन् ते आत फुगवू नका म्हणतात ते कायले, आधीच फुगवून ठेवलेलं बरं नाही का?

गावची_पोर_आर्वी

समुद्र नसला तरी तळं-नदी असते, अन् तेच विमान संध्याकाळी किनाऱ्यावरून जाणार असते. आत फुगवायचं नाही हे मात्र फार फार महत्त्वाचं आहे. वर्धा नदीला पूर आला की घरात पाणी कसं शिरते बघितलं असेल. आत पाणी भरलं अन् तुम्ही फुगलेलं जाकीट घालून आहात तर ते तुम्हाला छताला नेऊन चिकटवते. दार पाण्याखाली, बुडी मारून जायचं तर जाकीट बुडू देत नाही. 23 नोव्हेंबर 1996 ला इथिओपियाचं अपहरण झालेलं विमान कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरलं, 175 पैकी 125 गेले. त्यातल्या कितीतरी जणांनी जाकीट आतच फुगवलं होतं अन् ते बाहेर निघू शकले नाहीत. आमच्या सरांनी हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं, मी अजून विसरले नाही. दाराच्या बाहेर पाय पडला की दोरी ओढायची, त्याच्या आधी नाही.

आणि पट्टा सैल करून सोडून नका देऊ, पट्ट्याचा दिवा विझला तरी बांधूनच बसा. 21 मे 2024 ला सिंगापूर एअरलाइन्सचं विमान म्यानमारवरून जाताना अचानक हवेत गचका बसला, एक प्रवासी दगावला, कितीतरी जखमी झाले, पट्टा नसलेली माणसं छतावर आपटली. निरभ्र आभाळात पण होते असं, रडारवर दिसत नाही.

मास्तर_दर्यापूर

ताई, एक विनंती आहे. हे सगळं वाचून वाटते की अडचण नियमाची नाहीच, भाषेची आहे. वरुडचा, धारणीचा, उमरखेडचा म्हातारा माणूस तिथं इंग्रजी-हिंदी सूचना ऐकून बसलेला असतो. तुम्ही आपल्या बोलीत एक सूचना लिहून द्याल का? मी शाळेत लावतो, ज्यांच्या घरचं कोणी जाणार असेल त्यांना देतो.

संत्राबाग_वरुड

हो ताई, प्लीज. आमच्याकडं अजून चार जण जायचे आहेत बारशाला.

गावची_पोर_आर्वी

प्रयत्न करते. मोठ्यानं वाचून दाखवा.

बाबा, माय, बसल्याबरोबर पट्टा लावा. हा पट्टा मोटारीच्या पट्ट्यासारखा नाही, त्याला लाल बटण नसते. कडी वर उचलली की सुटते. दोनदा लावून-सोडून पाहा, घाबरलेल्या वेळी हात सवयीनं बटण शोधते. पट्टा पोटावर नाही, खाली कमरेच्या हाडावर, घट्ट. मग मागं वळून पाहा, सगळ्यात जवळचं दार पुढं आहे का मागं, अन् मधात किती ओळी आहेत त्या मोजा. सीटच्या पाठी हातानं चाचपून मोजता आल्या पाहिजेत, धुरात डोळ्याचं काम नाही. थैली वर ठेवा नाहीतर समोरच्या सीटखाली, मांडीवर नको. उडताना न् उतरताना खिडकीचा पडदा वर, सीट सरळ, टेबल बंद. मोबाईल फ्लाईट मोडवर. संडासात बिडी नाही, अजिबात नाही, 1973 मध्ये पॅरिसजवळ संडासातल्या आगीनं 123 माणसं गेली आहेत. वरून पिवळा मास्क पडला तर आधी स्वतःला लावा मग नातवाला. "निघा" म्हटलं की सगळं सोडून निघा, पैशाची पिशवी आधीच आतल्या खिशात ठेवा म्हणजे थैलीसाठी जीव अडकणार नाही. काही कळलं नाही तर डोक्यावरचं बटण दाबा, ती पोरगी येईल, तिला मराठीत विचारा, खुशाल विचारा. ते तिचं कामच आहे.

स्क्रू_ड्रायव्हर_हिंगणा

मस्त झालं ताई. फक्त मास्क "ओढून" लावा असं टाका, ते राह्यलं.

गावची_पोर_आर्वी

हो हो, बरोबर. दादा तिथं असं लिहा, "पिवळा मास्क पडला तर जोरात आपल्याकडं ओढा, नाकातोंडावर लावा, रबर डोक्यामागं."

संत्राबाग_वरुड

लिहिलं. उद्या वरुडला जाऊन मोठ्या अक्षरात प्रिंट काढतो, बाबांचा चष्मा जुना आहे. परतीची आमची ओळ 19 आहे, बाबांनी मले आत्ताच विचारलं की दार तिथून किती ओळींवर पडते.